वाचलेले पैसे कोणाचे?

लॉकडाउनचा विषय निघाला की पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एक मात्र झालं, किती कमी पैशात घर चालतं ते कळलं." हॉटेल बंद, पेट्रोल नाही, आहेर नाहीत, मे महिन्यातली ट्रिप नाही, लक्ष्मी रोडची चक्कर नाही. ज्यांचे पगार चालू राहिले त्यांच्या खात्यात २०२० च्या एप्रिल-मेमध्ये नेहमीपेक्षा जास्त रक्कम उरली, हे खरंच आहे. पण ती उरली याचं श्रेय आपल्या काटकसरीला देऊन आपण मोकळे झालो, ते मला पटत नाही. त्या शिलकीतला बराचसा भाग म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी न दिलेला पगार होता. उरलेल्या भागासाठी घरातली बाई राबत होती.

हे टोचून बोलणं वाटेल, म्हणून हिशेबच मांडू.

पुण्यातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्याच्या चौकटीत दुधाच्या पिशव्या, पेपर आणि कामवाल्या मावशींचे खाडे लिहिलेले असतात. २०२० च्या मार्च महिन्याचं पान डोळ्यांसमोर आणा. ९ तारखेला राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले, तेव्हापासून "मावशी, हात धुऊन या हं" सुरू झालं. २२ तारखेला रविवारी जनता कर्फ्यू, तिथे एक फुली. २४ ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. तिथपासून महिनाअखेरपर्यंत ओळीने फुल्या. मग एप्रिलचं पान अख्खंच्या अख्खं फुल्यांचं.

प्रश्न साधा होता: या फुल्यांचे पैसे कापायचे की नाही? आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत यावर उघड चर्चा कधी झाली नाही, पण वागणं मात्र सगळ्यांचं सगळ्यांना दिसलं. काही घरांनी मार्चचा पूर्ण पगार दिला, एप्रिलचा अर्धा दिला आणि मे महिन्यात फोन उचलणं कमी केलं. काहींनी २० मार्चपर्यंतचे दिवस मोजून पैसे धाडले. "काम नाही तर पगार कसला?" हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. शेवटपर्यंत पूर्ण पगार देणारी घरंही होती, आणि गंमत म्हणजे ती सगळीच्या सगळी काही चार बेडरूमची नव्हती. पण ज्यांनी दिला त्यांनीही तो 'मदत' म्हणून दिला, आणि घेणाऱ्या बाईने 'तुमचे उपकार झाले' म्हणत घेतला. सगळी गोम तिथेच आहे.

त्याच महिन्यांत आपण दुसरी देणी कशी भागवत होतो ते पाहा. सोसायटीचा मेंटेनन्स थांबला नाही. लिफ्टच्या वार्षिक करारात कोणी खाडे धरले नाहीत. इन्शुरन्सचा हप्ता मुदतीत गेला. आणि घराच्या कर्जाचं काय झालं? २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, २२ मे रोजी ती आणखी तीन महिने, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. अनेकांना वाटलं, सहा महिने सुटका झाली. ती सुटका नव्हती. तीस लाखांचं कर्ज, ८ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण २५,१०० रुपये. कर्जाच्या सुरुवातीलाच सहा हप्ते भरले नाहीत तर मुद्दलावर सुमारे १ लाख २२ हजार चढतात, आणि हप्ता तोच ठेवला तर एकूण सव्वीसेक हप्ते जास्त भरावे लागतात. सहा महिने सगळा देश घरात बसला होता, पण व्याज एक दिवसही घरी बसलं नाही.

या व्याजावरच्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये योजना काढली आणि दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतला सहा महिन्यांचा फरक ग्राहकांना दिला. आपल्या तीस लाखांच्या उदाहरणात हा फरक येतो जेमतेम दोन हजार रुपये. पुन्हा वाचा. दोन हजार रुपयांसाठी न्यायालयाच्या तारखा, सरकारची प्रतिज्ञापत्रं, बँकांना परिपत्रकं. ते व्हायलाच हवं होतं, ग्राहकाचा हक्क होता तो. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात धुणं-भांड्यांच्या कामाचे एका घरचे दोन हजार बुडालेल्या बाईसाठी तारीख लागली नाही, परिपत्रकही निघालं नाही.

हे आपण दुष्ट आहोत म्हणून झालं असं मी म्हणणार नाही. घराचं बजेट कागदाला घाबरतं, एवढंच. ज्याच्या देण्याचा कागद आहे ते देणं 'फिक्स', ज्याचा कागद नाही तिथे महिन्याच्या शेवटी आपली मर्जी. बँकेचा कागद आहे, शाळेचा आहे, मोबाइल कंपनीचा आहे. मावशींचा नाही, इस्त्रीवाल्याचा नाही, डबा देणाऱ्या काकूंचा नाही.

सरकारलाही हे दिसलं नाही असं नाही, फक्त घराचा उंबरठा ओलांडवला नाही. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहखात्याने आदेश काढला की टाळेबंदीच्या काळात मालकांनी कामगारांचं वेतन न कापता द्यावं. पण तो आदेश होता उद्योग, दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी. घर त्यात नव्हतं. हा आदेश मे महिन्याच्या मध्यात मागेही घेतला गेला, ते सोडा. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला घरमालकांना भाडं किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं, तोही सल्लाच. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या पगाराबद्दल मात्र पंतप्रधानांनी १९ मार्चच्या भाषणात आवाहन केलं तेवढंच, आदेश कोणी काढला नाही.

आता दुसरी बाजू. "आमचेच पगार निम्म्यावर आले होते, आम्ही कुठून देणार?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. छोटे दुकानदार, ट्रॅव्हल्सवाले, केटरर, मंगल कार्यालयं, क्लासेस, ज्यांचं सगळं उत्पन्न एप्रिल-मेच्या लग्नसराईवर असतं अशी किती तरी घरं पुण्यात होती. त्यांची मिळकत अर्धी नाही, शून्य झाली. त्यांच्याकडून पूर्ण पगाराची अपेक्षा करणं अन्यायाचं ठरेल. पण कात्री लावायचीच तर कुठून लावायला सुरुवात करायची, याचं एक उदाहरण तेव्हा आपल्यासमोर होतं. मार्चअखेरीस राज्य सरकारने स्वतःच्या पगारबिलाला हात घातला तेव्हा मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदारांचा ६० टक्के, अ आणि ब वर्गाच्या कर्मचाऱ्यांचा ५० टक्के, क वर्गाचा २५ टक्के पगार थांबवायचं जाहीर केलं. ड वर्गाला हात लावला नाही. नंतर त्याला 'दोन टप्प्यांत पगार' असं रूप दिलं गेलं, पण तत्त्व तेच राहिलं: वरून खाली येता येता कात्री बोथट व्हायला हवी.

बहुतेक घरांत नेमकं उलट झालं. पहिली कात्री सगळ्यांत खालच्या ओळीला लागली. ओटीटीचं सबस्क्रिप्शन त्या महिन्यात नवं घेतलं गेलं, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, थांबवली नाही (शेअर बाजार पडलाय, हीच वेळ आहे म्हणून वाढवलीसुद्धा), आणि मावशींना सांगितलं, "सध्या आमचंही अवघड आहे हो." मिळकत तीस टक्क्यांनी घटली असेल तर मावशींचा पगार शंभर टक्के का घटावा, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

त्यांना रेशन फुकट मिळत होतं, हेही ऐकलं. मिळत होतं. माणशी पाच किलो तांदूळ किंवा गहू आणि कुटुंबाला एक किलो डाळ, एप्रिलपासून आधी तीन महिने आणि मग नोव्हेंबरपर्यंत. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांवर आणली, तीही चांगली गोष्ट. पण दांडेकर पुलाजवळच्या किंवा जनता वसाहतीतल्या कुटुंबाला खोलीचं भाडं गव्हात भरता येत नाही. कित्येकांचं रेशनकार्ड गावाकडचं. तेल, साखर, गॅस, औषधं विकतच आणायची. आणि जूनमध्ये शाळा ऑनलाइन सुरू झाल्या तेव्हा घरात एक स्मार्टफोन आणि महिन्याचं रिचार्ज हा नवाच खर्च येऊन बसला. आपल्या घरात त्या वेळी तिसरा लॅपटॉप येत होता, त्याला आपण 'गरज' म्हणत होतो.

उपनगरांतल्या मावशींबद्दल निदान बोललं तरी गेलं. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांतल्या खाणावळी आणि घरगुती मेस कोणाच्या फारशा लक्षातच नाहीत. स्पर्धा परीक्षांची मुलं हे या पेठांचं अर्थकारण आहे. एमपीएससीची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला होती. ती पुढे गेली, मुलं गावी गेली, आणि परीक्षा पुढे जातच राहिली. मार्च २०२१ मध्ये पुन्हा तारीख पुढे ढकलल्यावर मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे २१ मार्चला ती झाली. जवळजवळ वर्षभर. या वर्षात ज्या काकू दोन वेळा वीस-पंचवीस डबे भरायच्या, त्यांच्या डब्यांचं काय झालं? गावी गेलेल्या मुलांच्या वडिलांनी मेसचे पैसे वाचवले, त्यांची ती ऐपतही नव्हती, त्यांना दोष देता येत नाही. पण वाचले म्हणजे कुठून तरी गेले, एवढं तरी लक्षात ठेवायला हवं. त्या काकूंपैकी अनेकींचं घर त्या डब्यांवरच चालायचं, आणि त्यांना कोणी 'व्यावसायिक' मानत नाही म्हणून कर्ज-सवलतींच्या कुठल्याच यादीत त्या बसत नाहीत.

आता घराच्या आत येऊ. मावशी येत नव्हत्या म्हणजे काम थांबलं नव्हतं. धुणी, भांडी, केर, फरशी, तीन वेळचं खाणं, त्यात सगळे चोवीस तास घरात, त्यात प्रत्येक दुधाची पिशवी धुऊन आणि भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून घ्यायची. हे काम कोणी केलं? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. आणि मुळात घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के, तर पुरुष २६ टक्के. हे लॉकडाउनच्या आधीचं चित्र. म्हणजे मावशींचं काम अचानक घरच्यांवर पडलं तेव्हा ते कोणाकडे ढकललं जाणार, हे आधीच ठरलेलं होतं.

हिंजवडीतली नोकरी घरून करणाऱ्या कितीतरी जणी ओट्यावर लॅपटॉप ठेवून, म्यूट करून, कुकरच्या शिट्ट्या मोजत मीटिंगला बसल्या. नवरेही बदलले, नाही असं नाही. व्हॉट्सॲपवर पावभाजीचे, डालगोना कॉफीचे, पहिल्यावहिल्या गोल पोळीचे फोटो धो-धो आले. घासलेल्या कढईचा फोटो मात्र मी एकही पाहिला नाही. कधीतरी हौसेने काही बनवणं आणि रोज सकाळी बेसिन रिकामं करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्याचं कौतुक करून दुसरं पुन्हा तिच्याच गळ्यात घालायची सोय आपण उत्तम केली.

या तासांना बाजारभाव लावून पाहा. मावशींना महिन्याला जे चार-पाच हजार देत होतो, तितक्या किमतीचं काम घरातल्या एका माणसाने फुकट केलं. वहीत ते 'बचत' म्हणून चढलं. उद्या एखाद्या कारखान्याने कामगारांकडून तीन महिने बिनपगारी जादा काम करून घेतलं आणि ताळेबंदात नफा वाढल्याचं दाखवलं, तर आपणच संतापाने अग्रलेख लिहू.

तेव्हा 'कमी खर्चात भागतं' हा धडा मला मान्य नाही. भागलं, कारण दोन ठिकाणी बिल भरलंच नाही.

मग करायचं काय? दया वाढवा, असं मी सांगणार नाही. दया लहरीवर चालते आणि दुसऱ्या महिन्यात संपते, हे आपण पाहिलं. कागद वाढवायला हवा. आणि हे पुण्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. १९८० साली पगारवाढीसाठी आणि रजेसाठी मोलकरणींनी काम बंद केलं ते याच शहरात, आणि त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. कचरावेचकांचं तर याहून बोलकं उदाहरण आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, नव्वदच्या दशकातच या बायकांच्या हातात महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं आली, पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार झाला. लॉकडाउनमध्ये सगळं शहर दारं लावून बसलं होतं तेव्हा या बायका कचरा उचलायला येत होत्या. जोखीम भयंकर होती, संरक्षण अपुरं होतं, त्याचं उदात्तीकरण नको. पण त्यांचं काम 'अत्यावश्यक' मानलं गेलं आणि घरटी शुल्क ठरलेलं होतं. त्यांच्याच वस्तीत राहणारी, त्यांची सख्खी बहीणही असेल, धुणं-भांडी करणारी बाई मात्र सोसायटीच्या फाटकाबाहेर उभी होती.

त्या फाटकाचंही बोलायलाच हवं. सरकारने परवानगी दिल्यावरही अनेक सोसायट्यांनी आपापले नियम करून मोलकरणींना आत घेतलं नाही. त्याच फाटकातून घरपोच पार्सलं बिनदिक्कत येत होती. जुलैमध्ये, १४ ते २३ तारखेच्या दहा दिवसांत पुणे-पिंपरीत पुन्हा कडक लॉकडाउन झाला, तेव्हा जेमतेम दोन-चार घरं परत मिळालेल्या बायकांचे पुन्हा खाडे सुरू झाले. ज्या सोसायटीला प्रवेशबंदीचा ठराव एका रात्रीत करता येतो, तिला 'बंदीच्या काळातला पगार सदस्यांनी द्यावा' ही पुढची ओळ त्याच ठरावात लिहिता आली असती. बंदी आपण घालायची आणि तिचा खर्च बंदी झालेल्या माणसाने सोसायचा, हे कुठल्याच न्यायात बसत नाही.

राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या कामगाराला त्यात नोंदणी करता येते. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध लागले तेव्हा राज्य सरकारने जी मदत जाहीर केली ती 'नोंदणीकृत' घरेलू कामगारांसाठी. ज्यांची नोंदणी नव्हती त्यांचे हात पुन्हा रिकामेच. आता या नोंदणीसाठी लागणारा 'ही बाई आमच्याकडे काम करते' हा दाखला कोण देणार? आपणच. त्याला पैसे पडत नाहीत. तरी मालकीण कचरते, कारण सही केली की आपण अधिकृत मालक होतो, उद्या बोनस मागतील, रजा मागतील. मागतीलच. मागावीच.

बजेटच्या वहीतही बदल करता येईल, आणि तो फार महागडा नाही. महिना पाच हजार देत असाल तर वर्षाचे साठ हजार हा खर्च गृहकर्जाच्या हप्त्याशेजारी लिहायचा, 'किरकोळ'मध्ये नाही. आणीबाणीसाठी तीन-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं प्रत्येक सल्लागार सांगतो, त्या रकमेत मावशींचे दोन महिने धरायचे. म्हणजे दहा हजार. महिन्यातून ठरलेल्या सुट्ट्या भरपगारी, आजारपणाच्या वेगळ्या, आणि आपण गावाला गेलो तर तो तिचा खाडा नाही, हे साध्या मराठीत एका कागदावर लिहून दोघींनी सही करायची. तुमची मिळकत घटली तर त्याच प्रमाणात तिचा पगार घटेल, त्याहून जास्त नाही, हेही त्यातच. परवडत नसेल तर काम कमी करा, पोळ्या स्वतः करा, एक दिवसाआड बोलवा, पण जे ठरवाल ते पाळा. आणि पोळ्या 'स्वतः' म्हणजे कोण, तेही त्याच कागदावर लिहा.

हे ऐकून माझ्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "अहो, घर म्हणजे काय फॅक्टरी आहे का, करार करायला?" त्यांच्याकडे वीस वर्षं एकच बाई काम करते, घरच्यासारखी आहे, दिवाळीला साडी असते. त्यांना मी विचारलं, एप्रिल २०२० मध्ये तिला काय दिलंत? ते म्हणाले, ते हिशेब घरातले लोक बघतात.